बास टूरवरचा अँगलर आणि त्याचे सोळा वर्षांचे चाहते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या बास फिशिंगच्या टूरवर, म्हणजे गोड्या पाण्यातला बास मासा गळाने पकडण्याच्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, नुकत्याच उतरलेल्या एका अँगलरचं (गळाने मासे पकडणाऱ्या खेळाडूचं) सोशल मीडियाचं काम तुमच्याकडे आलं आहे. प्रायोजकांना शाळा-कॉलेजातली मुलं हवी आहेत. तुम्ही रोज फोटो टाकता, लाइक बऱ्यापैकी येतात, पण मुलं टिकत नाहीत. मग काय टाकावं, कुठे टाकावं, किती टाकावं आणि टिकटॉक सुरू करावं का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी या टूरवरच्या अँगलरांसाठी हेच काम बरीच वर्षं करतो आहे, म्हणून आधी सरळच सांगतो. काय टाकावं हा प्रश्न नंतरचा. टाकल्यावर खाली मुलं जे विचारतात त्याला अँगलर स्वतः उत्तर देतो की नाही, यावर बहुतेक सगळं ठरतं. मोठा मासा दोन्ही हातांत धरून हसणारा माणूस मुलांना दिवसभरात पन्नास ठिकाणी दिसतो. तुमच्या माणसाचा फोटो त्यात एक्कावन्नावा. लाइक करायला अर्धा सेकंद लागतो, विसरायला त्याहून कमी.

असं का होतं, ते या खेळाच्या रचनेत आहे. बास फिशिंग हा प्रेक्षकांच्या नजरेआड खेळला जाणारा खेळ आहे. पहाटे बोटी सुटतात, प्रत्येक जण तलावाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात दिसेनासा होतो आणि दुपारी जास्तीत जास्त पाच मासे पिशवीत घालून वजनाच्या मंचावर येतो. प्रेक्षकाच्या वाट्याला ती शेवटची पाच मिनिटं. बासमास्टर क्लासिक या सगळ्यात मानाच्या वार्षिक स्पर्धेचा थाट वेगळा, तिथे अँगलरला बोटीसकट, ट्रेलरवरून थेट अरीनात ओढत आणतात. २०२३ मध्ये नॉक्सव्हिलला तीन दिवसांत १ लाख ६३ हजारांहून जास्त लोक आले होते. पण क्लासिक वर्षातून एकदाच. एरवी पूर्वीच्या मुलाला मासिक मिळायचं, नाहीतर शनिवारी सकाळी टीव्हीवर अर्ध्या तासाचा कापून-जोडून गुळगुळीत केलेला कार्यक्रम. आपला आवडता अँगलर तासन् तास काहीच लागत नसताना काय करतो, हे त्याला कधी दिसतच नव्हतं.

आता बोटीवरून थेट प्रक्षेपण होतं. मेजर लीग फिशिंग या दुसऱ्या संस्थेच्या टूरवर २०१९ पासून मासा जागीच तोलून सोडतात आणि आकडा लगेच पडद्यावर येतो. त्यामुळे खेळ दिसायला लागला, हे खरं. पण दिसणं वेगळं आणि ओळख होणं वेगळं. सोशल मीडियाचं काम या दोहोंच्या मधल्या जागेत आहे.

माइक आयकोनेली या टूरवरच्या अँगलरचं उदाहरण घ्या. २००३ च्या क्लासिकमध्ये शेवटच्या दिवशी निर्णायक मासा बोटीत आल्यावर तो ज्या प्रकारे डेकवर पडून ओरडला, ते दृश्य आजही फिरतं. तेव्हा यूट्यूब नव्हतं, ते २००५ चं. जुन्या मंडळींपैकी अनेकांना तो आरडाओरडा रुचला नाही. हा सभ्य लोकांचा खेळ आहे, असा त्यांचा सूर होता. मुलांना मात्र तोच आवडला, कारण मासा लागल्यावर मुलं तशीच ओरडतात. पुढे त्याने शहरांमधल्या पाण्यावर मासेमारीचा कार्यक्रम केला, इंटरनेटवर थेट गप्पांचा कार्यक्रम चालवला, आणि पत्नीसोबत आइक फाउंडेशन काढून मुलांच्या, विशेषतः शहरी मुलांच्या हातात रॉड देण्याचं काम सुरू केलं. त्याचा चाहतावर्ग निव्वळ ओरडण्यावर उभा राहिलेला नाही. तुझ्या घरामागच्या नाल्यातही मासा आहे, हे तो मुलांना सांगत राहिला. आरडाओरड्याची नक्कल करणारे बरेच आले आणि गेले.

इथेच टूरवरच्या बहुतेकांचं गणित फसलं. साधारण २०१५ नंतर यूट्यूबवर अशी पोरं पुढे आली ज्यांनी कुठलीही मोठी स्पर्धा जिंकलेली नव्हती. गूगन स्क्वॉड हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं टोळकं. ती काठावरून, गोल्फ मैदानातल्या तळ्यातून, रस्त्याकडेच्या डबक्यातून मासे पकडायची. त्यांच्यातल्या काहींचे सबस्क्रायबर दहा लाखांच्या पलीकडे गेले आणि क्लासिक जिंकलेली माणसं बघत राहिली. टूरवर त्यावेळी त्यांना नावं ठेवण्याची पद्धत होती. मला ते तेव्हाही पटलं नाही. सगळी उपकरणं लावलेली बास बोट आज लाख डॉलरच्या आसपास जाते. चौदा वर्षांच्या मुलाकडे सायकल असते. लाख डॉलरच्या बोटीतून खोल पाण्यातल्या बुडीत झाडांवर गळ कसा मारायचा हे ऐकून तो करणार काय? सायकलवरून पोचता येईल अशा तळ्याबद्दल जो बोलेल, त्याचाच तो होणार.

ज्यांना हे लवकर कळलं ते टिकले. ब्रँडन पालानियुक, स्कॉट मार्टिन, जेकब व्हीलर, जॉर्डन ली यांनी स्वतःचे चॅनेल नीट चालवले. त्यातही मुलं आवडीने बघतात ते स्पर्धेच्या आणि सरावाच्या दिवसांचे लांब व्हिडिओ. त्यात माणूस चुकीची खाडी निवडतो, मासा बोटीपाशी येऊन सुटतो, सकाळचा आत्मविश्वास दुपारी गळून पडतो. जॉर्डन लीने २०१७ आणि २०१८ अशी लागोपाठ दोन क्लासिक जिंकली, पण त्याच्याबद्दल बोलताना कॉलेजचा मुलगा आधी हे सांगतो की हा ऑबर्न विद्यापीठाच्या संघातून आला. म्हणजे आपल्यासारखाच होता.

तेव्हा तुमच्या माणसाला पहिलं सांगा: रिकाम्या हाताच्या दिवसाचाही व्हिडिओ करायचा. रडगाणं नको, सबबी नकोत. काय वाटलं होतं, काय निघालं, उद्या काय बदलणार, एवढंच.

कुठे टाकायचं, याचं उत्तर आकड्यांतून मिळतं. प्यू या अमेरिकन संशोधन संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत १३ ते १७ वयाच्या अमेरिकन मुलांपैकी ९३ टक्के यूट्यूब वापरत होती, टिकटॉक ६३, स्नॅपचॅट ६०, इन्स्टाग्राम ५९ आणि फेसबुक ३३ टक्के. हेच फेसबुक २०१४-१५ मध्ये ७१ टक्क्यांवर होतं. हे बघून बरेच जण फेसबुक सोडून देतात. तुम्ही सोडू नका. शालेय बास स्पर्धेत मुलांच्या बोटीवर एक प्रौढ कॅप्टन लागतो. तो बहुधा कुणाचा तरी बाप असतो, नाहीतर काका किंवा आजोबा. पहाटे चारला उठून ट्रकमागे बोट जोडणारा तोच, पेट्रोलचे पैसे देणारा तोच, आणि तो फेसबुकवर असतो. मुलगा यूट्यूबवर तुमच्या माणसाचा व्हिडिओ बघतो. शनिवारी कुठल्या कार्यक्रमाला जायचं हे बाप ठरवतो. इलिनॉयने २००९ मध्ये शालेय पातळीवर बास फिशिंगची राज्य अजिंक्यपद स्पर्धा सुरू केली. तेव्हापासून शाळांचे संघ वाढत गेले आणि त्यांच्याबरोबर हा पालकवर्गही. त्यामुळे फेसबुकवर मुलांसाठी लिहायचंच नाही. तिथे पालकांसाठी लिहा: कार्यक्रमाची वेळ, जागा, मुलांना काय आणावं लागेल, लाइफ जॅकेट मिळेल की आणायचं.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे उत्तराकडे येतो.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न म्हणजे, ‘तू कोणता रॉड वापरतोस?’ प्रायोजकाला वाटतं, टाका लिंक. लिंक टाकली की संभाषण तिथेच संपतं. त्याऐवजी अँगलरने उलट विचारावं: तू गळ काठावरून टाकतोस की बोटीतून? पाणी गढूळ आहे की तळ दिसतो? तळ्यात गवत आहे का? मुलगा जीव तोडून उत्तर देतो, कारण त्याच्या तळ्याबद्दल आजवर कुणी विचारलेलंच नसतं. मग त्याला एकच गोष्ट सांगायची, दहा नाहीत.

माझ्याबरोबर काम केलेल्या एका अँगलरचं ठरलेलं उत्तर वॅकी रिगचं, म्हणजे गळाला आमिष लावायच्या एका सोप्या पद्धतीचं होतं. काठावरच्या मुलाला याहून चांगली सुरुवात नाही. पाच इंची मऊ प्लॅस्टिकचा किडा घ्यायचा. त्याच्या मधोमध रबराची छोटी कडी चढवायची आणि गळ त्या कडीखालून घालायचा, म्हणजे किडा दोन-चार फेकींत फाटत नाही. वजन काही लावायचं नाही. पाण्यात पडला की दोन्ही टोकं थरथरवत तो सावकाश बुडतो. लाइन, म्हणजे गळाची दोरी, किंचित सैल ठेवायची आणि नजर तिच्यावरून हलवायची नाही. हाताला झटका बसेल म्हणून वाट बघायची नाही, तो बहुतेकदा बसतच नाही. लाइन आपोआप बाजूला सरकायला लागली की समजायचं, मासा किडा तोंडात घेऊन निघाला. एवढं तो चार ओळींत लिहायचा. काही दिवसांनी तोच मुलगा तळहाताएवढ्या बासचा फोटो घेऊन परत यायचा. या दुसऱ्या फोटोला दिलेलं उत्तर पहिल्यापेक्षा मोलाचं असतं, आणि नेमकं तेच द्यायला सगळे विसरतात. त्यात ‘लाइन सरकलेली दिसली का?’ असं विचारा. मुलाला कळतं की या माणसाला मी आठवतो.

उत्तरं कोणी लिहायची? पोस्ट तुम्ही लिहा, वेळापत्रक तुम्ही लावा, व्हिडिओ तुम्ही कापा. उत्तरं अँगलरची. मुलांना भाषा लगेच कळते. जो माणूस व्हिडिओत अर्धी वाक्यं बोलतो, तो कमेंटमध्ये अचानक जाहिरातीसारखं लिहायला लागला की त्यांना वास येतो. अँगलर म्हणेल वेळ नाही. खरंच नसतो, एका तलावावरून दुसऱ्या तलावापर्यंत रात्रभर गाडी हाकणारी ही माणसं आहेत. उपाय साधा आहे. संध्याकाळी रील-रॉड आवरताना तुम्ही त्याला निवडक कमेंट वाचून दाखवा, तो बोलेल ते जसंच्या तसं टाइप करा. व्याकरण सुधारू नका. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आहे असं दिसलं की त्याचा छोटा व्हिडिओ करा आणि मूळ प्रश्न विचारणाऱ्याला तिथे उत्तर म्हणून जोडा.

मात्र सरावाचे आणि स्पर्धेचे दिवस याला अपवाद. टूरच्या नियमांनुसार ठराविक काळात अँगलरला त्या तलावाबद्दल बाहेरून माहिती घेता येत नाही, आणि विजेत्यांची पॉलिग्राफ (खोटं पकडणारी) चाचणी होऊ शकते. तलावाच्या गावातली मुलं या काळात सगळ्यात उत्साही असतात. ‘त्या पुलाच्या तिसऱ्या खांबाला काल आम्हाला सहा पौंडी लागला!’ असं लिहून मोकळी होतात. त्यांचं प्रेमच ते. पण अँगलरने ते वाचलं तर त्याच्या गळ्याशी येतं. म्हणून त्या काळात त्याच्या फोनवरून ॲप काढून टाकायची, कमेंट फक्त तुम्ही बघायच्या, जागेचा उल्लेख असलेली कमेंट लपवायची आणि त्या मुलाला तुमच्या नावाने दोन ओळी लिहायच्या: आत्ता त्याला हे वाचता येत नाही, स्पर्धा संपली की तो बोलेल. नियम समजावून सांगितला की मुलं रागावत नाहीत. उलट आपणही खेळाचा भाग आहोत असं त्यांना वाटतं. सरावाचे व्हिडिओ स्पर्धा संपल्यावरच बाहेर काढायचे, हे ओघानेच आलं.

जागेचा आणखी एक प्रश्न आहे, तो सार्वजनिक तळ्यांचा. व्हिडिओत मागे पाण्याची टाकी दिसली, एखादा वेगळ्या रंगाचा धक्का दिसला, की मुलं उपग्रह नकाशावर ती जागा शोधून काढतात, आणि फार वेळ लागत नाही. मोठ्या तलावाला त्याने काही होत नाही. एक-दोन एकरांच्या तळ्याची मात्र महिन्याभरात वाट लागते: कचरा, गर्दी, शेवटी ‘मासेमारीस मनाई’चा फलक. आणि आधीपासून तिथे येणारी मुलं बाहेर. तेव्हा छोट्या तळ्यावर कॅमेरा खाली ठेवा, पाणी आणि हात दिसू द्या, क्षितिज नको. लोकेशन टॅग बंद.

मुलांच्या सुरक्षिततेबद्दल मी जरा कडक आहे, आणि तुम्हीही राहा. अमेरिकेच्या १९९८ च्या बालगोपनीयता कायद्याप्रमाणे १३ वर्षांखालच्या मुलांची वैयक्तिक माहिती ऑनलाइन गोळा करायला पालकांची संमती लागते. याच कायद्याखाली २०१९ मध्ये गूगल आणि यूट्यूबला १७ कोटी डॉलर भरावे लागले. त्यानंतर जानेवारी २०२० पासून यूट्यूबवर प्रत्येक व्हिडिओ ‘मुलांसाठी’ आहे की नाही ते सांगावं लागतं. ‘मुलांसाठी’ म्हटलं की कमेंट बंद होतात. साधा फिशिंगचा व्हिडिओ सर्व वयांसाठी असतो, त्यामुळे उगाच तो शिक्का मारू नका. पण खास लहानग्यांसाठी केलेला असेल तर खोटंही सांगू नका. आमिषांच्या डब्याची सोडत काढायची असेल तर प्रवेश पालकांच्या नावाने घ्या आणि पत्ताही पालकांकडूनच.

खाजगी मेसेजचा नियम एका ओळीचा: अल्पवयीन मुलाशी खाजगीत बोलायचं नाही. मुलाने इनबॉक्समध्ये विचारलं तर ‘हा प्रश्न व्हिडिओखाली विचार, बाकीच्यांनाही उपयोग होईल’ एवढंच उत्तर. अँगलर कितीही सज्जन असला तरी हाच नियम.

आणि फोटो. कार्यक्रमात मुलं अँगलरबरोबर फोटो काढतात, अँगलर कौतुकाने तो टाकतो. शालेय संघाची जर्सी जवळून बघा: छातीवर शाळेचं नाव, पाठीवर मुलाचं आडनाव. त्यात तुम्ही लिहिलंत ‘पुढच्या शनिवारी हा अमुक तलावावर खेळणार’, तर एका अनोळखी माणसाला लागेल ती सगळी माहिती तुम्ही हातात दिलीत. पालकांना विचारा, समोरून फोटो घ्या, शाळेचं नाव कापा, आणि कुठे-कधी हे लिहू नका.

प्रायोजकांच्या बाबतीत अमेरिकेच्या व्यापार आयोगाचं म्हणणं स्पष्ट आहे: पैसे घेऊन किंवा फुकट माल घेऊन शिफारस करत असाल तर ते ठळकपणे सांगा. जर्सीवर चिन्ह आहे ना, मग सगळ्यांना कळतंच, असं अँगलर म्हणतात. बारा वर्षांच्या मुलाला नाही कळत. त्याला वाटतं जर्सी म्हणजे जर्सी. व्हिडिओच्या सुरुवातीलाच तोंडाने सांगून टाकावं, ‘हे मला कंपनीने दिलं आहे’. त्याने विक्री कमी होते असा माझा अनुभव नाही. उलट त्याच व्हिडिओत कंपनीची नसलेली, साधी, स्वस्त वस्तूही त्याने वापरून दाखवली तर पुढच्या वेळी त्याचं म्हणणं मुलं ऐकतात. करारात त्याला परवानगी आहे का, ते आधी बघा. बऱ्याचदा असते, कोणी विचारलेलंच नसतं.

मुलं शब्दांपेक्षा हात बघतात, हे विसरू नका. मोठा बास नुसत्या खालच्या जबड्याला धरून आडवा उचलला तर त्याचं सगळं वजन जबड्याच्या सांध्यावर येतं. सरळ उभा धरावा, नाहीतर दुसरा हात पोटाखाली द्यावा. हात ओले असावेत. फोटोसाठी पाण्याबाहेर फार वेळ ठेवू नये, उन्हाळ्यात तर अजिबात नाही. एका पिढीला मासा जिवंत परत सोडायची सवय बासमास्टर स्पर्धांचा संस्थापक रे स्कॉट याने १९७२ पासून स्पर्धांच्या नियमांतून लावली. आजच्या मुलाला ती तुमच्या माणसाच्या वीस सेकंदांच्या व्हिडिओतून लागते किंवा मोडते. बोटीचंही तेच. १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या मोटारबोटींवर वेगात जाताना इंजिन बंद करणारी दोरी चालकाच्या अंगाला जोडलेली असणं संघीय कायद्याने बंधनकारक आहे. भरधाव बोटीचा केस उडतानाचा झकास व्हिडिओ हाती आला, पण लाइफ जॅकेटची चेन उघडी किंवा दोरी लोंबकळताना दिसली, तर तो टाकायचा नाही. कितीही सुंदर असला तरी.

एक वादाचा विषय येणारच, म्हणून आधीच सांगून ठेवतो: समोरचं पाणी थेट पडद्यावर दाखवणारा सोनार. गार्मिनचं लाइव्हस्कोप २०१८ मध्ये आलं आणि खेळ बदलला. मासा आमिषाकडे येताना पडद्यावर दिसतो. टूरवरच्या जुन्या खेळाडूंना याचा राग आहे, आणि त्या रागात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. नियमावरून वाद घालायला आयोजकांच्या बैठका आहेत. पण फेसबुकवर ‘ही पोरं व्हिडिओ गेम खेळतात, मासेमारी नाही’ असं लिहिलं की त्याला पन्नाशीतल्या लोकांचे हजारो अंगठे मिळतात आणि लिहिणारा खूश होतो. ज्या मुलाने सुट्टीभर गवत कापून सोनारचे पैसे साठवलेत, तो गुपचूप अनफॉलो करतो; तो आकडा कोणी बघत नाही. २०२४ मध्ये लेक फोर्कवर ट्रे मॅकिनी वयाच्या १९ व्या वर्षी चार दिवसांत १३० पौंडांहून जास्त वजन आणून बासमास्टरच्या सर्वोच्च, एलिट टूरची स्पर्धा जिंकला. त्या आठवड्यात ज्या अनुभवी अँगलरांनी त्याचं मोकळेपणाने कौतुक केलं, त्यांच्याकडे सोळा-सतरा वर्षांची मुलं वळली. सोनार आवडत नसेल तर तो न वापरता मासा कसा शोधायचा हे शिकवा. मुलं तेही आवडीने बघतात, फक्त टोमणा नको.

घोटाळ्यांबद्दल थोडक्यात. २०२२ मध्ये लेक इरीवरच्या एका वॉलाय (दुसऱ्याच जातीचा मासा) स्पर्धेत माशांच्या पोटात शिशाचे गोळे निघाले आणि तो व्हिडिओ जगभर गेला. त्याचा बास टूरशी संबंध नव्हता, तरी मुलांनी बास अँगलरांनाच विचारलं, तुम्हीही असंच करता का? गप्प बसलेल्यांचं नुकसान झालं. बोटीत मार्शल, म्हणजे आयोजकांचा निरीक्षक, असतो, वजनाआधी काय तपासतात, पॉलिग्राफ कधी होते, हे दोन मिनिटांत सांगणारा व्हिडिओ अशा वेळी पुरतो. दोषींवर तोंडसुख घ्यायची गरज नसते.

मुलींबद्दलही बोलायला हवं, कारण शालेय संघांत त्या आहेत आणि कमेंटमध्ये त्यांचा अनुभव वाईट असतो. एखादी मुलगी आपल्या माशाचा फोटो टाकते आणि खाली कोणीतरी ‘मासा बाबांनी पकडला का?’ असं लिहितं. तुम्ही ती कमेंट गुपचूप काढू शकता, पण निदान पहिल्यांदा तरी अँगलरने तिथेच, सगळ्यांसमोर उत्तर द्यावं: ‘आमिष कोणतं होतं ते तिला विचार, तुझ्याही कामाला येईल.’ मग काढा. पुढचे महिनाभर तिथे कुणाची तशी हिंमत होत नाही.

टिकटॉक सुरू करा, पण त्यावर विसंबू नका. तिथे नवा मुलगा येतो, तो राहतो यूट्यूबवर. लांब व्हिडिओतला सगळ्यात प्रामाणिक तुकडा टिकटॉकवर टाका. सर्वांत मोठा मासाच असला पाहिजे असं नाही. इन्स्टाग्रामवर आठवड्यातून एकदा प्रश्नोत्तरं. स्नॅपचॅट तुमच्या माणसाला मनापासून आवडत नसेल तर सोडून द्या. किती टाकायचं, तर जेवढ्याच्या खाली तो उत्तरं देऊ शकेल तेवढं. आठवड्याला एक लांब व्हिडिओ आणि दोन-तीन छोटे, हे नव्या माणसाला झेपतं.

राहिला प्रायोजकांचा करार, आणि तुमचं खरं भांडण तिथे होणार आहे. करारात बहुधा महिन्याला इतक्या पोस्ट, इतके उल्लेख असं लिहिलेलं असतं. तो आकडा निम्मा करून घ्या आणि त्याच्या जागी आठवड्याला काही तास तरुण चाहत्यांना उत्तरं देण्यासाठी, असं कलम घाला. अहवालात एकूण व्ह्यूज खाली ढकला. वर द्या परत परत येणाऱ्या कमेंटकर्त्यांची संख्या आणि शाळांच्या संघांकडून आलेली आमंत्रणं. मार्केटिंगवाले पहिल्या बैठकीत नाही म्हणतील. मग त्यांना सांगा, तुमच्याच विक्री विभागाकडून यादी मागवा: गेल्या हंगामात शालेय संघांच्या मागण्या कोणाकोणाच्या सवलत-कोडवर आल्या, आणि त्यातले किती जण कमेंटला उत्तर देणारे आहेत. दुसऱ्या बैठकीला ती यादी बरोबर घेऊनच जा.